दादाची मागची फळी

दादाच्या फोनमध्ये दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता गजर व्हायचा. तो मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा आमच्या बिबवेवाडीच्या घरात, आतल्या खोलीत, कपाटासमोर उभी होते. फोन माझ्या पर्समध्ये होता आणि दादाला जाऊन तिसरा दिवस होता.

बाहेरून बाबांनी विचारलं, "कुणाचा फोन गं?"

"माझाच," मी म्हटलं. इतकं पटकन खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते.

नीट पहिल्यापासून सांगते. दादा बंगलोरला एकटा राहायचा. गुरुवारी पहाटे झोपेतच गेला. घरमालकांनी मला फोन करून कळवलं. घटस्फोटानंतर मी बाबांकडेच राहते, त्यामुळे निघताना काहीतरी सांगणं भाग होतं. "ऑफिसचं काम निघालंय, बंगलोरला जावं लागतंय," म्हटलं आणि गेले. शुक्रवारी तिथेच सगळं उरकलं. शनिवारी दुपारी त्याचा फोन, घड्याळ आणि चष्मा घेऊन परत आले. घड्याळ चालू होतं, ते मी मोज्यात गुंडाळून ठेवलं.

बाबांना सांगायचं नव्हतं. त्यांच्या हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या तुंबल्या होत्या. बायपास ठरली होती, पण साखर खाली आल्याशिवाय डॉक्टर हात लावायला तयार नव्हते, म्हणून महिनाभर थांबायचं होतं. या महिन्यात धक्का नको, त्यांनी बजावलं होतं. मी बंगलोरहून डॉक्टरांना फोन करून दादाचं सांगितलं तेव्हा त्यांनी आधी ऑपरेशनची तारीख पुन्हा तपासली. मग म्हणाले, "ऑपरेशननंतर सांगा. आत्ता कळलं तर मी जबाबदारी घेऊ शकत नाही." दोन-चार नातेवाइकांना मी दम भरला. सगळीकडे अळीमिळी गुपचिळी.

लपवणं सोपं होतं, हे सांगायला मला लाज वाटते. बाबा आणि दादा सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. आई गेली तेव्हा दादा चौथ्या दिवशी पोचला. का उशीर झाला ते त्याने सांगितलं नाही आणि बाबांनी विचारलं नाही. दारातच बाबा म्हणाले, "उशिरा आलास. आता नाही आलास तरी चाललं असतं." दादाने चपला काढल्या नव्हत्या, तसाच मागे फिरला. त्यानंतर दोघांच्याही तोंडाला कुलूप. खत्रूडपणात दोघे एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे.

पण फुटबॉल चालू राहिला. त्यांचं डोकं मला कधी कळलंच नाही! दादा रुसून जायच्या आधी बाबांनीच हौसेने दोघांसाठी त्या फँटसी फुटबॉलच्या ॲपवर खाती उघडली होती. इंग्लंडमधली शनिवारची पहिली मॅच आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळी सहाला लागते. कोण खेळणार त्याची यादी, म्हणजे लाइनअप, पाचच्या सुमाराला येते. मग सहाच्या आत त्या दोन संघांतून आपले अकरा जण निवडायचे. त्यासाठी खर्चायला शंभर क्रेडिट मिळतात. गोल मारणारा नावाजलेला फॉरवर्ड दहा-साडेदहाला पडतो, मागे उभा राहून गोल अडवणारा डिफेंडर सात-आठला. मैदानावर ते जे करतील त्याचे गुण आपल्याला. पैसाअडका काही नाही, फुकटची स्पर्धा. त्यात नावं दोनच, एक बाबांचं, एक दादाचं. सहा वर्षांत मॅच असलेला एक शनिवार कुणी चुकवला नाही. दादाचं नाव यादीत आलं की बाबा चष्म्यावरून बघत म्हणायचे, "लावली आमच्या चिरंजीवांनी टीम." म्हणजे मुलगा जिवंत आहे, बरा आहे, कळलं. तेवढ्यावर भागायचं.

म्हणून त्या शनिवारी पाचला गजर झाला तेव्हा पहिला विचार टीमचाच आला. आज टीम लागली नाही तर बाबा ओळखणार. मी कडी लावली. फोन उघडायचा आकडा आईच्या वाढदिवसाचा होता, तो मला माहीत होता. ॲप उघडलं. टीम अर्धी लावलेली होती. बुधवारीच बसला असणार. तीन फॉरवर्ड, तीन मिडफिल्डर, सगळे महागातले महाग. खाली पाच जागा रिकाम्या, एक गोलकीपर आणि चार डिफेंडर. रिकाम्या जागी ॲपवर राखाडी सावल्या दाखवतात, खांदे आणि डोकं, तोंड नाही. त्या पाच सावल्या माझ्याकडे बघत उभ्या होत्या आणि वर दादाचं नाव होतं.

उरलेले क्रेडिट छत्तीस. माणसं पाच.

आता डिफेंडर निवडणं हा बाबांचा प्रांत. हडपसरच्या कारखान्यात त्यांनी तेहतीस वर्षं मालाची तपासणी केली. मोठ्या खोक्यावरचं लेबल बघून फसणाऱ्यांची त्यांना चीड. म्हणायचे, "फॉरवर्ड कुणीही घेईल. त्याचं नाव पोराटोरांना ठाऊक असतं. स्वस्तातला धड डिफेंडर शोधून दाखवा." आकडे बारीक अक्षरात असतात म्हणून वाचून दाखवायला मी, त्यामुळे त्यांची सगळी शाळा माझ्या कानावरून गेलेली. आधी लाइनअपमध्ये आहे का ते बघ, बाकावर बसलेला राखीव फुकट मिळाला तरी नको. मार खाणाऱ्या संघाचा घे, कारण चेंडू सारखा त्याच्याच अंगावर येतो, त्याला काम जास्त, अडवण्याचे गुण जास्त. कॉर्नर, म्हणजे कोपऱ्यातली किक, मारायला पुढे जाणारा असेल तर सोन्याहून पिवळं. आणि नुकताच संघात आलेला असेल तर बघच, त्याची किंमत अजून कुणी वाढवलेली नसते.

दादाला हे सगळं लहानपणापासून पाठ होतं, आणि नेमकं म्हणूनच तो ते करायचा नाही. सगळे क्रेडिट पुढे उधळायचा आणि मागे जे स्वस्तात स्वस्त असेल ते डोळे मिटून भरायचा. कधी बाकावरचासुद्धा. दर शनिवारी हरायचा. बाबा खूश व्हायचे आणि चिडायचेही. "मागे कोणी नको का रे उभं राहायला?" असं भिंतीला विचारायचे.

मला त्या सावल्या बघवेनात. मी घाईघाईने भरल्या. साताचे दोन, साडेसाताचे दोन, साताचा गोलकीपर. बोटं आपोआप जात होती. मार खाणाऱ्या संघाचे दोघे, एक कॉर्नरवाला, एक नवा. छत्तीसच्या छत्तीस. टीम सेव्ह झाली आणि मी तोंड धुऊन बाहेर आले.

बाबा टॅबलेट घेऊन बसले होते. "लावली का चिरंजीवांनी?" म्हणत त्यांनी दादाची टीम उघडली. बोट वरून खाली फिरत आलं आणि शेवटच्या ओळीवर थांबलं. किती वेळ थांबलं सांगता येत नाही. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला.

"आज मागची फळी भरलेली दिसते," ते म्हणाले.

"सुधारला असेल," मी म्हटलं.

"या वयात?"

बस, एवढंच. चहा तसाच ठेवून ते मॅच न बघता आत जाऊन पडले. त्या संध्याकाळी दादा जिंकला. सहा वर्षांत पहिल्यांदा. त्याच्या नावापुढचे गुण वाढत होते आणि मी दिवेलागणीला दिवा न लावता ते बघत बसले होते.

पुढच्या आठवड्यात मला एक गोष्ट जाणवली. बाबा आता "चिरंजीव" म्हणत नव्हते. "त्याची टीम", "तो" असंच काहीतरी. मला बरंच वाटलं, कारण तो शब्द ऐकला की मला उठून स्वयंपाकघरात जावं लागायचं. का म्हणत नाहीत, एवढा विचार मी केला नाही.

दुसरा शनिवार दहावा दिवस होता. मला काहीच करता येणार नव्हतं. ना पिंड, ना नदी, ना रडणं. सकाळी पोळ्या लाटल्या, बाबांना दहीभात वाढला, कपडे वाळत घातले. बघते तर बाबा पानातला भात उचलून गॅलरीच्या कठड्यावर ठेवतायत. या माणसाने उभ्या जन्मात कावळ्याला घास घातला नव्हता. असल्या गोष्टींवर त्यांचा विश्वासच नाही.

"भात बाहेर का ठेवताय?"

"उरला."

"अहो, एक घास तरी खाल्लात का?"

समोरच्या इमारतीच्या पाइपवर एक कावळा बसला होता. भाताकडे बघत होता, पण येत नव्हता. बाबा कठडा धरून उभे. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मी दारातून म्हटलं, बसा, पाय दुखतील. त्यांना ऐकूच गेलं नाही. मग ते अगदी हळू, आर्जवाने म्हणाले, "ये. उशीर झाला तरी चालेल." कावळा उडाला, कठड्यावर उतरला आणि भाताला चोच लावून गेला. म्हातारपणी माणसं कावळ्यांशीसुद्धा बोलायला लागतात, अशी मी मनाची समजूत घातली आणि भांडी घासायला गेले.

संध्याकाळी पाचला कपाटात गजर झाला. बंद करता आला असता. त्यानेच तो कधीतरी लावला होता, म्हणून माझं बोट त्याला लागत नव्हतं. मी परत टीम लावली. ठरवलं होतं की दादासारखीच लावायची. तीन महाग फॉरवर्ड टाकलेही. पण डिफेंडरपाशी आले आणि हात वळेना. त्याच्या मागे कसलीतरी भुक्कड माणसं उभी करायची? आता तरी? मी शोधून शोधून चांगले घेतले.

तिसऱ्या शनिवारी माझं ऑफिस होतं. चारला सुटून पाचला घरी, असा हिशेब. कसलं काय! हडपसरच्या गाडीतळापाशी कुठलासा ट्रक आडवा झाला आणि सगळा रस्ता तुंबला. रिक्षात बसून मी घड्याळाकडे बघत होते. पाच. साडेपाच. दादाचा फोन घरी कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये. पावणेसहाला मी रडकुंडीला आले. रिक्षावाला म्हणाला, "ताई, उडून जायचं का?" मी त्याच्यावर खेकसले. सहा वाजले. संपलं, म्हटलं. बाबांनी ती रिकामी जागा पाहिली असणार. घरी काय बघायला मिळेल या विचाराने मी दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढले.

दार उघडलं तर बाबा नेहमीच्या खुर्चीत. मॅच चालू.

"उशीर झाला," ते म्हणाले.

"रस्ता."

"हं."

मी त्यांच्या मागे जाऊन वाकून पाहिलं. दादाच्या नावापुढे पूर्ण टीम होती. अकराच्या अकरा. पुढे तीन महागडे फॉरवर्ड. मागे चार डिफेंडर, सगळ्यांत स्वस्त, आणि त्यातला एक तर लाइनअपमध्येच नव्हता, बाकावर बसलेला. हे माझं काम नव्हतं, ही दादाचीच टीम होती. थेट दादाची.

मी आत जाऊन कपाट उघडलं. कुलूप जसंच्या तसं. फोन साड्यांखाली होता, मी ठेवला तसाच उपडा. हातात घेतला तर बंद. चार्जिंग कधीच संपलेलं. म्हणजे आज गजरसुद्धा वाजला नसणार.

बाई गं. मी खाली फरशीवर बसले आणि त्या बंद फोनला म्हणाले, "दादा?"

हसाल तर हसा. मी हिशेबाची, कोरडी बाई आहे, भुताखेतांना भीक घालत नाही. पण त्या आठवड्यात मी रोज तो फोन चार्ज करून उशाशी ठेवत होते. मला भीती वाटत होती आणि त्याहून जास्त आनंद होत होता, खरं ते सांगते. कुठेतरी आहे तो, अजून हट्टाने भिकार डिफेंडर घेतोय, म्हणजे आहे. बाबांवर संशय घ्यायचा तर बाबांना सगळं माहीत आहे असं मानावं लागलं असतं, आणि ते मानायची माझी छाती नव्हती.

चौथा शनिवार. मंगळवारी ऑपरेशन होतं. मी ठरवलं की आज हात लावायचा नाही, बघायचं. पाचला गजर झाला. बाबा "पडतो जरा" म्हणून आत गेले, दार लोटून घेतलं. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून दादाचा फोन समोर धरला. अकरा राखाडी सावल्या. बाहेर अंधारत चाललं होतं, खालच्या मजल्यावर कुणीतरी कुकर लावला होता. सव्वापाच, साडेपाच. मी दर मिनिटाला पान ताजं करत होते. पाच चाळीसला परत केलं आणि सावल्या गेल्या. अकरा चेहरे उभे होते. पुढे तीन महाग, मागे चार फुकटे. फोन माझ्या हातात, माझ्या बोटाने काही दाबलेलं नाही, आणि दादाने टीम लावली होती. मी ओट्याची कड घट्ट धरली. कुकरची शिट्टी झाली तेव्हा किंचाळायचीच बाकी राहिले.

थोड्या वेळाने बाबा बाहेर आले. डोळे लाल. "झोप लागली नाही," म्हणाले. आम्ही दोघांनी मॅच बघितली. दादा हरला. बाबा जिंकले, पण टॅबलेट उपडा ठेवून उठले.

मंगळवारी सकाळी सात वाजता त्यांना हिरवा गाऊन घालून स्ट्रेचरवर घेतलं. कवळी काढलेली, चष्मा माझ्या हातात. त्याशिवाय ते फार लहान दिसत होते. वॉर्डबॉय लिफ्टची वाट बघत होता. बाबांनी माझा हात धरला.

"शनिवारी मी नसेन टीम लावायला," ते म्हणाले. "माझी तू लाव. त्याचीही तूच लाव. फक्त एक लक्षात ठेव. त्याला चांगले डिफेंडर घेऊ नकोस. तो घ्यायचा नाही."

"बाबा..."

"तू गुरुवारी बंगलोरला गेलीस, शनिवारी सुजलेलं तोंड घेऊन आलीस. आणि त्याच संध्याकाळी त्याने आयुष्यात पहिल्यांदा धड मागची फळी लावली. तेहतीस वर्षं तपासणी केली मी. हे कुणाच्या हातचं काम आहे, मला कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू डॉक्टरांचं ऐकत होतीस. ऐकू दिलं."

"आणि मी अडकले होते तेव्हा... त्या टीम..."

"खातं मीच उघडून दिलं होतं त्याला. पासवर्ड बदलायचा त्याला आळस." त्यांचा आवाज चिरका झाला. "त्याच्या नावापुढे रिकामं दिसायला लागलं गं. सहाला पाच कमी. मला ते बघवेना. म्हणून लावली, त्याच्यासारखी. सहा वर्षं दर शनिवारी पाहत होतो, पाठ झाली होती मला. पुढच्या शनिवारी तू लावीनास, मग परत लावली."

लिफ्ट आली. वॉर्डबॉयने स्ट्रेचर आत ढकललं. मी सोबत पळत गेले, पण दार लागलं.

तेव्हा मला कठड्यावरचा भात आठवला. उशीर झाला तरी चालेल, हे ते कुणाला म्हणाले होते ते कळलं, आणि मी लिफ्टसमोरच्या बाकावर बसून हमसून हमसून रडले. एक अनोळखी बाई येऊन पाठीवरून हात फिरवत म्हणाली, होईल हो बरं, ऑपरेशन आजकाल सोपं झालंय. मी मान हलवली.

ऑपरेशन पार पडलं. फक्त दोन दिवस जास्त आयसीयूत ठेवलं. शनिवारी भेटायची वेळ पाच ते सहा होती. बाहेर रांगेत उभी असताना पर्समध्ये गजर झाला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फोन काढला, भिंतीला टेकून दोन टीम लावल्या. आधी बाबांची, त्यांच्या शाळेप्रमाणे. मग दादाची. सवयीने एक कॉर्नरवाला डिफेंडर घेतला होता, स्वस्तात मिळत होता, चांगला होता. तो काढला. मग सगळ्यांत खालचे चार घेतले, चेहरे न बघता.

आत बाबांच्या नाकात नळी होती, बोलायची बंदी होती. मला बघून त्यांनी उशीवरच्या हाताची चार बोटं वर केली आणि भुवई उडवली.

"घेतले," मी म्हटलं. "चारही बेकार. एक बाकावरचा."

त्यांनी डोळे मिटले. पाणी कानापाशी ओघळलं ते मी पदराने टिपलं. नर्स म्हणाली, अहो, त्यांना रडवू नका. मी म्हटलं, रडू द्या, महिना झालाय.